न दुखणारं दुखणं : जिवतीच्या पहाडावरून बीपीच्या औषधांचा इतिहास



आजचा विषय आहे हृदय, रक्तवाहिन्या आणि त्यांच्या औषधांचा इतिहास. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तिच्या जोरावर कुणाची नाडी बघता येत नाही. तेव्हा व्याख्यान ऐकून कुणी आपली गोळी बदलू नये, बंद तर अजिबात करू नये. आपल्याला इथे फक्त एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. जे दुखत नाही, जाणवत नाही, त्याला रोग म्हणायचं कशाच्या आधारावर? आणि म्हटलंच, तर त्यासाठी माणसानं आयुष्यभर रोज एक गोळी का घ्यावी? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो खरा, पण जिवतीसारख्या ठिकाणी त्याच्या उत्तरावर माणसाचं जगणं-मरणं अवलंबून असतं.

सुरुवात शब्दांपासून करू. शहरातला डॉक्टर ज्याला स्ट्रोक म्हणतो, त्याला आपल्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडे, लकवा म्हणतात. मराठवाड्यातून १९७२ च्या दुष्काळानंतर जी कुटुंबं या माणिकगडच्या पहाडावर येऊन राहिली, त्यांच्या घरात 'अंगावरून वारं गेलं' असंही ऐकू येतं. या 'वारं' शब्दामागे मोठी परंपरा आहे. आयुर्वेदानं पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आहे, आणि तो वात लोकभाषेत वारं होऊन टिकला. पण एक गंमत बघा. लकवा हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. लकवा होण्याआधी दहा-पंधरा वर्षं जे शरीरात चाललेलं असतं, त्याला मात्र जुना शब्दच नाही. त्याला आपण 'बीपी' म्हणतो. म्हातारी आजीसुद्धा म्हणते, "मला बीपी हाये." परिणामाला जुनं, रुळलेलं नाव आहे आणि कारणाला परकी अक्षरं, याचा अर्थ ते कारण आपल्याला फार उशिरा दिसलं.

आणि ते दिसणार तरी कसं? सुश्रुतसंहितेत व्याधीची जी व्याख्या आहे तिचा आशय असा, की ज्याच्या संयोगानं पुरुषाला दुःख होतं तो व्याधी. व्याख्या सुंदर आहे, कारण ती रोग्याच्या अनुभवापासून सुरू होते. पण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीच दुःख देत नाही. डोकं दुखलं तर बीपी वाढलं असेल असं आपण म्हणतो, पण पुष्कळांचं डोकं कधी दुखत नाही आणि दाब वाढलेलाच असतो. सुश्रुताच्या व्याख्येत हा रोग मावत नाही. तो रोग्याला कळत नाही, यंत्राला कळतो.

त्या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७३३ साली इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकानं, घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढतं हे मोजलेलं प्रसिद्ध केलं. माणसावर असा प्रयोग कोण करून घेणार? १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी जोडली. १९०५ मध्ये रशियातले लष्करी डॉक्टर कोरोत्कॉव्ह यांनी त्या पट्टीखाली स्टेथस्कोप लावून ऐकलं. ठोके कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात त्यावरून वरचा आणि खालचा असे दोन आकडे त्यांनी मिळवले. आजही उपकेंद्रात सिस्टर कानाला नळ्या लावून जे ऐकते ते हेच आवाज. म्हणजे हा 'रोग' नीट मोजता येऊ लागल्याला सव्वाशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

आकडा आला की त्याबरोबर जुना तार्किक पेच येतो. वाळूचा एक एक कण काढत गेलं तर ढीग हा ढीग कुठे राहत नाही? १३९ ला निरोगी आणि १४० ला रोगी, हे कुणी ठरवलं? १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये यावर मोठा वाद झाला. रॉबर्ट प्लॅट म्हणत, की उच्च रक्तदाब हा वेगळा, अनुवंशानं येणारा रोग आहे. एकतर तो असतो, नाहीतर नसतो. जॉर्ज पिकरिंग म्हणत, की समाजात रक्तदाब उंचीसारखा पसरलेला आहे. कुणाचा कमी, कुणाचा जास्त, मध्ये कुठेही निसर्गानं रेघ मारलेली नाही. धोका दाबाबरोबर हळूहळू चढत जातो, रेघ आपण मारतो. पुढच्या संशोधनाचा कौल पिकरिंग यांच्या बाजूनं गेला. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती रेघ १४० वरून १३० वर आणली, आणि कोट्यवधी माणसं कागदावर एका दिवसात रोगी झाली.

यावर कुणी म्हणेल, मग हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ. तसं म्हणायची घाई करू नका. रेघ माणसानं मारलेली असली तरी चढावरून खाली पडणारा माणूस खरा असतो.

एका पडलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, कारण त्या काळी त्याच्याइतकी सत्ता जगात क्वचितच कुणाकडे असेल. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये त्यांना तपासलं तेव्हा दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय मोठं झालेलं होतं. डॉक्टरांकडे काय होतं? विश्रांती, मीठ कमी, आणि डिजिटॅलिस. हे डिजिटॅलिस फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडापासून मिळतं, आणि त्याचा हृदयाच्या सुजेवरचा उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्येच लिहून ठेवला होता. दाब उतरवणारं आणि रोज घेता येण्यासारखं औषध तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या दिवशी मोजलेला दाब होता ३०० वर १९०. महायुद्ध चालवणारा माणूस लकव्यानंच गेला, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

त्याच काळात अमेरिकेत वॉल्टर केम्प्नर नावाचे डॉक्टर अशा रोग्यांना फक्त भात आणि फळं, तीही बिनमिठाची, खायला घालत होते. वैनगंगेकाठच्या आपल्या धानपट्ट्यात हे सांगितलं की लोक हसतील. पण काहींचा दाब त्यानं खरोखर उतरला. मिठाचा आणि दाबाचा संबंध पुढे पक्का होत गेला. १९८८ मध्ये ३२ देशांतल्या ५२ ठिकाणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते, ज्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच. त्यांचा दाब वयाबरोबर वाढतच नव्हता. म्हणजे 'वय झालं की बीपी होतंच' हा निसर्गाचा नियम नाही.

आता जंगलाकडे येऊ, कारण बीपीच्या औषधांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा भारतातल्या जंगलात सुरू होतो. सर्पगंधा हे झाडांच्या सावलीत वाढणारं लहान झुडूप. त्याचं मूळ लोकवैद्यकात शतकानुशतकं वापरात होतं, सापाच्या विषावर, झोप येण्यासाठी, वेड लागलेल्याला शांत करण्यासाठी. १९३१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालतं. आणि दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातली रसायनं वेगळी काढायला सुरुवात केली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं.

मग मुंबई. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जल वकील हे औषध वापरत होते. १९४९ मध्ये त्यांनी ५० रोग्यांवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून तिकडे हे औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, रेसरपीन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

इथे थोडं थांबू. अर्जुनाचं झाड तुम्हाला माहीत आहे. नदी-नाल्याच्या काठानं उभं असतं, गडचिरोलीकडे त्याच्या आणि ऐनाच्या पानांवर कोशाचे किडे पोसतात. आयुर्वेदानं अर्जुनाची साल हृद्रोगावर सांगितली आहे. मग सर्पगंधा जगभर गेली आणि अर्जुन का नाही? सर्पगंधेचं ज्ञान जुनं होतं म्हणून ती गेली असं नाही; जुनं तर दोन्हीकडे आहे. वकिलांनी औषधाआधी आणि औषधानंतर दाब मोजला, नोंदवला, आणि कुणालाही तपासता येईल असा मांडला. जंगलातल्या ज्ञानाला आकड्याची जोड मिळाली. अर्जुनावर अशी तपासणी अजून अपुरी आहे, म्हणून सालीचा काढा घेऊन गोळी सोडणं धोक्याचं. आणि सर्पगंधेचं मूळ उकळून पिणं तर त्याहून धोक्याचं, कारण कुठल्या मुळात किती द्रव्य आहे हे डोळ्यांना दिसत नाही. दुसरी बाजूही विसरू नका. मागणी वाढली तशी मुळं खणली गेली. आज या झुडपाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आहेत.

रेसरपीननं काही रोग्यांना, विशेषतः मोठ्या मात्रेत, खोल उदासी येऊ लागली. पुढे दुसरी औषधं आली आणि ते मागे पडलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या आल्या. १९६० च्या दशकात स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल दिलं, हृदयाचा वेग आणि जोर आवरणारं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातल्या घटकांवरून सुचलेलं कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत वापरात आलं. सापाचं विष दाब पाडतं, तर तोच गुण मोजून-मापून का वापरू नये, हा तो विचार. आज आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी टेल्मिसार्टन त्याच साखळीतल्या पुढच्या कडीवर काम करते, आणि ॲम्लोडिपीन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते.

पण या गोळ्यांनी माणूस खरंच वाचतो का? नुसता आकडा उतरतो एवढंच नव्हे ना? याचा पहिला भक्कम पुरावा १९६७ मध्ये आला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकारानं १४३ पुरुषांचे दोन गट केले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले हे रोगी. ७३ जणांना खरी औषधं, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. दीडेक वर्षाच्या काळात पोकळ गोळ्यांच्या गटात २७ गंभीर घटना घडल्या. औषधाच्या गटात दोन. त्या खऱ्या औषधांत एक होतं रेसरपीन. सर्पगंधेचं मूळ त्या पुराव्यात सामील होतं.

आता या प्रयोगातली एक बारीक गोष्ट सांगतो, पाठ्यपुस्तकात ती सहसा सापडत नाही. प्रयोगात घेण्याआधी प्रत्येकाची परीक्षा झाली. गोळ्यांत रिबोफ्लेविन नावाचं जीवनसत्त्व मिसळलं होतं, जे लघवीत विशिष्ट प्रकाशाखाली चमकतं. ज्यांची लघवी चमकली नाही, म्हणजे जे गोळी नियमित घेत नव्हते, जे तारखेला येत नव्हते, त्यांना वगळलं. असे बरेच होते. प्रयोगाच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. औषध घेतलंच नाही तर औषधाची परीक्षा कशी होणार? पण इतिहासाच्या दृष्टीनं बघा. गोळी वाचवते हे सिद्ध झालं ते रोज गोळी घेणाऱ्यांसाठी. जे घेऊ शकले नाहीत ते पुराव्याच्या बाहेर राहिले. आमच्या मते जिवतीचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो. औषध सापडल्याचा इतिहास संपला, औषध रोज पोहोचण्याचा अजून लिहायचा आहे.

कुणी म्हणेल, पहाडावर कुठलं आलंय बीपी? हा तर बसून खाणाऱ्यांचा आजार. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मराठी माणसानं घरोघरी वाचलं, आणि त्यातून शिकलेल्या मध्यमवर्गाला आपल्या जगण्याकडे बघायची दृष्टी मिळाली. पण त्यांच्याच 'सर्च' संस्थेनं इथून पूर्वेला, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत जे मोजलं ते तितकं वाचलं गेलं नाही. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या, सुमारे ९४ हजार लोकांमधल्या, प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं गेलं. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं झाले होते. म्हणजे दर सातांतला एक. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या क्रमांकावर होता. आणि त्यातले सुमारे ८७ टक्के लोक घरीच गेले. हे २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. शेतात राबणाऱ्या, पायी चालणाऱ्या माणसांचा जिल्हा तो. कष्ट केले म्हणजे दाब वाढत नाही, या समजुतीला तिथे तडा गेला. मीठ, दारू, खर्ऱ्यातला तंबाखू आणि न मोजलेला दाब यांच्यापुढे एकटे कष्ट पुरत नाहीत.

जिवती आणि गडचिरोली एक नव्हेत. इथे कोलाम आणि गोंड आहेत, लमाण तांडे आहेत, मराठवाड्यातून आलेली वस्ती आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पण दवाखाना गाठायचा तर अडचण तीच: घाट उतरा, गडचांदूर, मग राजुरा, मग चंद्रपूर.

या डोंगरांना जुन्या काळी भीती होती ती हिवतापाची. हिवताप स्वतःहून ओरडून सांगतो: थंडी वाजते, अंग तापतं, माणूस कामावर जात नाही. आपली आरोग्यव्यवस्था अशा आजारांभोवती उभी राहिली. दुखलं की या, औषध घ्या, बरं वाटलं की जा. बीपीची गोळी या तिन्ही पायऱ्या मोडते. दुखत नसताना या. बरं वाटण्याचा प्रश्नच नाही. आणि कधीच 'जा' नाही. एखाद्या बाईला ॲम्लोडिपीननं पायाला सूज आली, तर तिच्या अनुभवाचा हिशोब सरळ असतो: गोळीआधी बरी होते, गोळीनं पाय सुजले. ती गोळी सोडते. तिला अडाणी म्हणू नका. ती सुश्रुताच्या व्याख्येनं चालली आहे. तिला हवं असतं ते कुणीतरी सांगणारं, की सूज दाखव, गोळी बदलता येते, पण थांबवू नको.

आणि रोज म्हणजे किती रोज? मिरची तोडायला माणसं तेलंगणात जातात, ती काही आठवडे परत येत नाहीत. सात दिवसांच्या गोळ्यांची पुडी तिथे काय पुरणार? महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही ज्या १४ गावांवर हक्क सांगतात ती याच तालुक्यातली. कित्येक घरांत दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत. अशा घरातल्या म्हाताऱ्याचा दाब नेमका कुणाच्या रजिस्टरात लिहायचा? प्रश्न प्रशासनाचा दिसतो, पण एका रजिस्टरातलं नाव दुसऱ्यात न जाणं म्हणजे तीन महिने गोळी नसणं.

यावर उपाय नाहीत असं नाही. भारतात २०१७ पासून रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले भंडारा आणि वर्धा हे आपले शेजारी जिल्हे होते. त्याची सूत्रं साधी: सगळीकडे तीच मोजकी औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, औषध घराजवळच्या केंद्रात, आणि कोण आलं नाही याची यादी. यात नवा शोध एकही नाही. हिवताप निर्मूलनाच्या काळातला कर्मचारी पंधरवड्याला दारात येऊन 'कुणाला ताप आलाय का' विचारायचाच. आणि 'सर्च'नं १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायांना शिकवून, घरातच नवजात बाळांवर उपचार करून, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरवल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलंच होतं. दारात येणारा माणूस ही आपल्या भागाची जुनी, पारखलेली रीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. जे दुखत नाही त्याला रोग का म्हणायचं? आमचं उत्तर असं. दुखणं आजचं असतं, धोका उद्याचा असतो. आजचं दुखणं माणूस एकटा ओळखतो. उद्याचा धोका एकट्याला कळत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो, दंडाला पट्टी बांधणारा, आकडा वाचणारा, आणि महिन्यानं परत विचारणारा. म्हणून बीपी हा एका शरीरात राहणारा पण दोघांनी मिळून ओळखायचा रोग आहे. ज्या गावात तो दुसरा माणूस येत नाही, तिथे गोळी असूनही औषध नाही. तिथला माणूस १९४५ सालच्या रूझवेल्टच्याच जागी आहे, फरक इतकाच की त्यांच्यासाठी औषध निघालंच नव्हतं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. उपकेंद्रात पैसे लागत नाहीत. आणि कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तर 'वारं गेलं, उतरेल' म्हणून थांबू नका, मालीश करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही डोक्याचं स्कॅन करून. पहाडावरून ते तास फार लवकर सरतात.

प्रश्न असतील तर विचारा. आशाताई कुणी बसल्या असतील तर आधी त्यांनी विचारावं.